चाळणी म्हणालास ते खरं होतं, बिरू

बिरू, परवा कॉलेजनं तुझी शोकसभा घेतली. मैदानातच घेतली, पोरींचा सराव थांबवून. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, पण आप्पांचा फोन वाजला आणि ते पहिल्या मिनिटातच उरकलं. मागं फ्लेक्स होता. त्यावर तुझा आधार कार्डावरचा फोटो, ज्यात तू चोरीच्या आळावरून धरून आणल्यासारखा दिसतोस, आणि खाली हात जोडलेले आप्पा, तुझ्या दुप्पट मोठे. तुझ्या नावापुढं छापलं होतं, 'शांत, मनमिळाऊ, कबड्डीप्रेमी'.

कबड्डीप्रेमी ठीक आहे. बाकीच्या दोन शब्दांवर तू स्वतः उठून थुंकला असतास.

आप्पा बोलायला उभे राहिले. संस्थेचे संचालक, गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, आणि मैदान असो, मांडव असो की मयत असो, पुढची खुर्ची त्यांची. म्हणाले, "बिरूभाऊंनी आपल्या कॉलेजच्या संघाचं कायम कौतुक केलं." मी मागच्या रांगेत होतो. तू त्या संघाचं केलेलं एक तरी कौतुक कुणी आणून दाखवावं. वडवणीच्या बाजारात, एसटी स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, कुठंही ऐकलेलं चालेल. माणसं माना डोलावत होती. याच माणसांना तू तोंडावर सांगायचास की तुमाला कबड्डीतलं शेणही कळत न्हाई. तू मेलास म्हणून आता त्यांना ते कौतुक वाटायला लागलंय.

सभा संपल्यावर दोघंतिघं माझ्याजवळ आले. एकानं विचारलं, "दत्ताभाऊ, औंदा बचाव कसा वाटतोय पोरींचा?"

हा प्रश्न तुझा होता. तो माझ्याकडं आला, कारण भिंतीवर तुझ्या शेजारी बसणारा मी होतो. मी म्हणालो, "बघू, बरा हाय." अशा उत्तराला तू काय म्हणतोस ते मला माहीत आहे, आणि ते इथं लिहिता येत नाही.

तुझी-माझी ओळख कशी झाली ते या लोकांना ठाऊकही नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात शिपाई. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, केसपेपर करायचा. तू पाय न टेकणारा मेंढा खांद्यावर टाकून आणलास. डॉक्टर यायचे होते. मी खूर बघायला लागलो तर तू म्हणालास, "खुरात काय बघतो बे? खुब्यात हाय त्याच्या." मी म्हणालो, डॉक्टरांना ठरवू दे. तासाभरानं डॉक्टर आले, खूर बघितलं, गुडघा बघितला, आणि शेवटी म्हणाले की खुब्यात आहे. तू माझ्याकडं बघितलंस. मला तेव्हाच तुझा राग आला होता. माणूस उद्धट असावा, नाहीतर बरोबर असावा. दोन्ही असला की सोसत नाही.

दवाखान्याची मागची भिंत आणि कॉलेजचं मैदान एकच. मागच्या पडीक रानात मेंढ्या सोडून तू त्या भिंतीवर बसायला लागलास, आणि काम नसलं की मीही. मी तरुणपणी गावच्या संघात दोन वर्षं खेळलेलो, त्यामुळं मला वाटायचं की खेळातलं मला कळतं. तू आयुष्यात एकदाही चढाई केली नव्हतीस. शाळेची चौथी सोडून कळपामागं लागलेला माणूस. आणि पहिल्याच दिवशी मला म्हणालास, "तू चढाई बघतोस. बायका वरात बघत्यात तशी."

"मग काय बघायचं?"

"आत आलाय त्याला कावून बघायचं? तो येणार आन जाणार. घर कसं हाय ते बघ."

घर म्हणजे बचाव करणारे सात जण. चढाईपटू आत शिरला की सगळं मैदान त्याच्याकडं बघून ओरडायचं, आणि तू सातांच्या पायांकडं बघायचास. कोपऱ्यातला किती खोल उभा आहे, हाताची साखळी कुठं ढिली पडते, पहिल्या स्पर्शाला कोण मागं सरकतो. तू म्हणायचास की लांडगा आल्यावर भुंकत सुटणारं कुत्रं भ्यालेलं असतंय, जागा धरून बसतंय ते कामाचं. कॉलेजच्या पोरांच्या संघात तुला जागा धरणारा एकही दिसला नाही. "ह्यांच्यापरीस माझ्या मेंढ्या बऱ्या," तू म्हणायचास. "लांडगा आला तर निदान एकमेकीला चिकटून तरी उभ्या ऱ्हात्यात." पोरं भिंतीखालून जाताना हे ऐकायची. त्यांचे सर ऐकायचे. तू आवाज कमी करायचा नाहीस.

मग कॉलेजनं मुलींचा संघ काढला आणि माझी जयश्री त्यात गेली. गाव बघायला आलं, पण कशाला आलं ते तुला आठवतं. टवाळीला आलं होतं. आप्पा तर माइकवरून म्हणाले, "आपल्याच लेकी हायत, गोड मानून घ्या." पोरींनी कशाही पकडी केल्या तरी टाळ्या. पकड सुटली तरी टाळ्या. तू भिंतीवरून उतरलास, चुन्याच्या रेघेपाशी गेलास आणि सात पोरींसमोर उभा राहून म्हणालास, "ह्या टाळ्या काय ऐकताव? ह्यांना वाटतंय तुमी भोंडला खेळताव. डावीकडची तर पकडती का आरती ओवाळती तेच कळंना."

डावीकडची माझी पोरगी होती. ती घरी येऊन रडली आणि जेवली नाही. "पप्पा, तुमच्या त्या मेंढरंवाल्याला सांगा, परत बोलले तर मी दगड मारीन." मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "मारू दे. नेम बघू तिचा."

दुसऱ्या दिवशी ती तुझ्याकडं गेली. दगड घेऊन नाही. तिनं विचारलं, "मग कसं पकडायचं ते दाखवा." त्या दिवशी तू भिंतीवरून पहिल्यांदा माणसासारखं बोललास. म्हणालास की मेंढरू पळायला लागलं की आमी त्याच्या तोंडापुढं उड्या मारत न्हाई. मागचा पाय, घोट्याच्या वर, आन आपलं अंग त्याच्या आत. "धरायची घाई करू नगं. पाय येऊ दे. तो येतोच." तिनं तुझ्यासमोर तासभर तुझ्या मेंढ्या धरल्या. सर लांबून बघत राहिले. त्यांच्याजवळ शिट्टी होती आणि पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकात मेंढी नव्हती.

जया तीन वर्षं तुझ्या शिव्या खाऊन तयार झाली. मला हे मान्य करायला तुझ्या मरणापर्यंत थांबावं लागलं, ही माझी लायकी. गावात एक तू असा होतास ज्यानं त्या पोरींना पोरी म्हणून सूट दिली नाही. बाकीचे सगळे कौतुक करायचे. तू त्यांच्या चुका मोजायचास. कौतुक करणाऱ्यांकडं बघून पोरी हसायच्या, आणि पकड झाली की बघायच्या तुझ्याकडं. तू तेव्हा मुद्दाम मेंढ्यांकडं तोंड फिरवायचास. तो माज होता तुझा, बिरू. एकदा मान हलवली असतीस तर तुझं काय गेलं असतं?

जयाच्या शेवटच्या वर्षी संघ पाटोद्याच्या सामन्यापर्यंत पोचला. जिंकला असता तर पुढं विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार होता. आप्पांनी चौकात फ्लेक्स लावला, 'आमची अभेद्य भिंत', आणि सात पोरींच्या मधोमध स्वतः. सामन्याच्या आदल्या दिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळे बसले होते. आप्पा बचावाचं मोजमाप करत होते. उजवा कोपरा असा, मधल्या दोघी तशा, आणि डावा कोपरा म्हणजे आपल्या दत्ताची वाघीण. माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मी किती फुगलो होतो, आठवलं की आज मला माझीच किळस येते. संचालकांनी चारचौघांत माझं नाव घेतलं होतं. एवढ्यावर माझं भागलं.

तू आत आलास. माझ्या जवळ येऊन उभा राहिलास, जणू काही सांगायचं आहे. आप्पांनी तुला बघितलं आणि मुद्दाम विचारलं, "काय बिरूदेव, भिंत कशी वाटती?"

तू चहाचा कप हातात घेतलास. म्हणालास, "भिंत कसली? चाळणी हाय."



"मधल्या दोघी एक पळ उशिरा येत्यात," तू म्हणालास. "कोपऱ्यानं पाय धरला तर त्या विचार करत बसत्यात. आन डावा कोपरा तर गेलेलाच हाय. बसून उठताना उजवा गुडघा वाचवती ती. उद्या तिला उतरवू नका."

आप्पा हसले. त्यांच्यामागं बाकीचे हसले. सगळे माझ्याकडं बघत होते. मला एवढंच दिसलं की तू माझ्या पोरीला लंगडी म्हणालास, आणि तेही तिच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी. मी म्हणालो, "मेंढ्यांचे पाय बघ जा, बिरू. माणसातलं तुला काय कळतंय?"

आप्पांनी टाळी दिली मला. मी ती घेतली.

तू कप खाली ठेवलास. भरलेलाच होता. माझ्याकडं बघितलंस आणि बाहेर गेलास. तीस वर्षांत तू मला हजार वेळा मूर्ख म्हणाला होतास. त्या दिवशी म्हणाला नाहीस.

घरी जाऊन मी जयाला विचारलं, "पाय दुखतोय का?" ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "नाही." मी पुन्हा विचारलं नाही. आयुष्यभर मुक्या जनावरांचे दुखरे पाय चाचपत आलोय मी, आणि बोलत्या पोरीच्या एका 'नाही'वर झोपायला गेलो. मला ते 'नाही' हवं होतं म्हणून.

पाटोद्याला जाताना आप्पांनी लिंबागणेशला गणपतीपाशी गाड्या थांबवल्या, नारळ फोडला, पोरींना ओळीत उभं करून फोटो काढला. तू एसटीनं आला होतास. मैदानाच्या पलीकडच्या कडेला, त्यांच्या गावच्या लोकांत एकटा उभा होतास. मी तुला बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

सामना कसा झाला ते तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगावं लागेल, कारण मी तो आजवर कुणाशी बोललो नाही. शेवटच्या चढाईला आपण एका गुणानं पुढं होतो. घरात आपल्या तिघीच उरल्या होत्या, जया आणि मधल्या दोघी. समोरून त्यांची ती उंच पोरगी आली, लांब पायांची. जयानं पाय येऊ दिला. घाई केली नाही. आला तसा घोट्याच्या वर धरला, अंग आत घातलं. तू शिकवलं होतंस अगदी तसं. आता मधल्या दोघींनी यायचं. त्या आल्या नाहीत. एक पळ, बिरू. तू म्हणालास तेवढंच. ती पोरगी ओढत निघाली, जया तिच्या पायाला धरून मातीतून घसरत चालली, आणि मग मधल्या दोघींनी उडी मारली, उशिरा. चौघींचं वजन एका बाजूला पडलं आणि जयाचा गुडघा दुसऱ्या बाजूला राहिला. त्या पोरीचा हात मध्यरेषेला लागला. तिघी बाद, वर घर रिकामं झालं म्हणून लोणाचे दोन गुण. चार गुणांनी हरलो.

जयानं तेव्हाही पाय सोडला नव्हता. पंचांनी तिची बोटं सोडवली.

आप्पांची गाडी त्याच मिनिटाला निघाली. बक्षीस द्यायला आपलं कुणी नाही म्हटल्यावर त्यांना थांबायचं कारण नव्हतं. जाताना म्हणाले, "पोरीच शेवटी." सर कुणाला तरी फोन लावत होते. आणि मी, पट्टी बांधणं हाच ज्याचा धंदा, मी तिच्या डोक्याशी नुसता बसून होतो. तिचा गुडघा जिथं असायला पाहिजे तिथं नव्हता आणि माझे हात मला उचलवत नव्हते.

तू मैदान ओलांडून आलास. डोक्याचा पटका सोडलास. पताकांच्या दोन काठ्या उपटून आणल्यास. जयाला म्हणालास, "तिकडं बघू नगं. माझ्याकडं बघ." मग मला म्हणालास, "धर." दवाखान्यात मेंढा धरायला सांगायचास, त्याच आवाजात. मी तिची टाच धरली. तू बांधलंस. एवढं नीट बांधलं होतंस की बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी केलं. मी सांगितलं, गावातल्या एकानं. तुझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, याला माझ्याकडं चांगलं कारण नाही. वाईट आहे, ते तुला कळतंच.

तिचं ऑपरेशन झालं. चालते आता, नीट चालते. खेळणं संपलं.

दवाखान्यातच तिनं मला सांगितलं. सामन्याच्या आठ दिवस आधी सरावात पाय मुरगळला होता. तिनं कुणाला कळू दिलं नाही. सरांना दिसलं नाही, मला दिसलं नाही. तुला भिंतीवरून दिसलं. तू तिला बोलावून गुडघा दाबून बघितलास. ती हातापाया पडली, "काका, पप्पांना सांगू नका, हे माझं शेवटचं वर्ष आहे." तू म्हणालास, "तुझ्या बापाला सांगणार. बाप कशाला असतोय?"

म्हणजे त्या दिवशी तू हॉटेलात ते सांगायला आला होतास. माझ्याजवळ येऊन उभा राहिलास ते त्यासाठी.

जयानं विचारलं, "मग त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी म्हणालो, "सांगितलं."

"मग?"

त्यावर मी नर्सला हाक मारली.

इथं माझं तुझ्याशी भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. तुला एवढं दिसत होतं, तर मला बाजूला घ्यायला काय झालं होतं? हॉटेलाच्या बाहेर दहा पावलांवर लिंब होता. तिथं नेऊन 'दत्ता, पोरीचा गुडघा गेलाय' एवढं म्हणाला असतास तर? पण आप्पांनी डिवचलं आणि तू सगळ्यांना त्यांची अक्कल दाखवायला निघालास. तुला माझ्या पोरीचा गुडघा वाचवायचा होता की आप्पांचा फ्लेक्स फाडायचा होता? दोन्ही एका दमात करायला गेलास. तुझं म्हणणं बरोबर होतं आणि सांगणं चुकलं. तू यावर काय म्हणशील तेही मला माहीत आहे. "बाजूला नेऊन सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का बे?" बिरू, मी रोज याचं उत्तर वेगळं देतो. कधी हो. बऱ्याचदा नाही.

दिवाळीनंतर तू कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला उतरलास. परत आलास ते पावसाळ्याच्या तोंडावर, जंताचं औषध न्यायला दवाखान्यात. मी टेबलावर होतो. तू समोर उभा. डोक्याला नवा पटका होता. मी केसपेपर पुढं ओढला आणि विचारलं, "नाव?"

तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला मी नाव विचारलं.

तू नाव सांगितलंस, वडिलांचं नाव सांगितलंस, गाव सांगितलंस. मी सगळं लिहून घेतलं. विचारलं, जनावरं किती. तू सांगितलंस. औषध घेऊन दारापर्यंत गेलास आणि वळून विचारलंस, "पोरगी कशी हाय?"

मी म्हणालो, "बरी हाय."

आपलं शेवटचं बोलणं ते. पुढं पंधरवड्यानं तुझ्या वस्तीवरचा एक जण आला आणि म्हणाला, बिरूदादा गेले. दुपारी रानात, बसल्या जागी. छातीवर हात होता म्हणे. मी त्याच्याही केसपेपरवर नाव लिहीत होतो. त्याच्या नावाच्या जागी तुझंच नाव लिहिलं गेलं, मग तो कागद बदलला.

दहाव्याला आलो होतो मी. शेवंतावहिनी समोर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुमचं मिटलं व्हतं नव्हं? मी इचारलं की ते काय बोलायचेच न्हाईत."

मी म्हणालो, "मिटलं व्हतं वहिनी. दवाखान्यात आलतं ना औषधाला, तवाच मिटलं."

त्यांना बरं वाटलं. तुझ्या बायकोशी तुझ्या दहाव्याला खोटं बोललो. सत्य सांगून त्या बाईच्या पदरात काय टाकणार होतो? तरी परवा शोकसभेत आप्पांनी तुला मनमिळाऊ ठरवलं तेव्हा मला संताप आला, आणि घरी येताना कळलं की आप्पांचं खोटं आणि माझं खोटं यात फार अंतर नाही. त्यांनी फ्लेक्सवर छापलं, एवढंच.

आता ऐक, औंदाच्या बचावाचं.

जयाला कॉलेजनं सरांच्या मदतीला घेतलंय. ती रेघेपाशी खुर्ची टाकून बसते. तिच्या तोंडात सगळी तुझी भाषा आलीय. परवा एका पोरीला म्हणाली, "पकडतेस का ओवाळतेस?" ती पोरगी रडली. मी भिंतीवर होतो. बाकी काय सांगू? उजवा कोपरा घाबरट आहे, हात आधी जातो आणि पाय मागं राहतो. साखळी धरतात, पण बोटांनी, पंजानं नाही. चढाई आली की निम्म्या पोरी ओरडतात. गावातले लोक म्हणतात संघ तगडा आहे. आप्पांचा फ्लेक्स छापायला गेलाय. तू असतास तर एका शब्दात निकाल लावला असतास. मला दहा वाक्यं लागतात आणि तरी खात्री नसते.

काल सरावात मधली एक पोरगी, काळीसावळी, बुटकी, पण जागा धरणारी, सातांत ती एकच खरी, ती पकडीनंतर उठताना हात जमिनीला टेकून उठली. दोनदा. आधी ती तशी उठत नव्हती. डावा पाय थोडा बाहेर टाकत होती. मी भिंतीवरून उतरलो. मैदानात सगळे होते, आप्पाही खुर्चीत होते. मी काही बोललो नाही. सराव संपेपर्यंत उभा राहिलो. मग जयाला मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली नेलं आणि सांगितलं.

ती म्हणाली, "मला नाही दिसलं तसं काही, पप्पा."

मी म्हणालो, "तरी तिला बसव."

जयानं माझ्याकडं खूप वेळ बघितलं. मग त्या पोरीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, काही दुखत नाही. जयानं तरी तिला गुरुवारच्या सामन्यातून काढलं. पोरगी पिशवी आपटून गेली. आज सकाळी तिचा बाप दवाखान्यात येऊन मला वाटेल ते बोलून गेला. आप्पांचा फोन आला. म्हणाले, "दत्ता, चांगल्या चाललेल्या संघात तू कावून बिब्बा घालतोस?" गुरुवारी आपण हरणार, बिरू. ती नसली की मध्ये कुणी नाही.

मी या वेळी बाजूला नेऊन सांगितलं. एवढं तुझ्यापेक्षा बरं केलं मी, हे तुला ऐकवायचं होतं. पण डोळे तुझे होते, माझे नाहीत. दिवसभर मी केसपेपर लिहितोय आणि ती पोरगी कशी उठली ते पुन्हा पुन्हा आठवून बघतोय. पाय बाहेर टाकला होता, की मला तो टाकलेला हवा होता?

तुला एका नजरेत कळलं असतं.